मिश्र बागेसाठी सुधारित रबर : कोकणातील बागायतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी-दोडामार्ग भागात रबर आता नवे राहिलेले नाही. मात्र बहुतेक ठिकाणी ते एकपीक म्हणून, केरळातील पद्धत जशीच्या तशी उचलून लावलेले दिसते. माड, पोफळ, मिरी, जायफळ यांची एकत्र बाग पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला रबरही अशाच बागेत बसवावेसे वाटणे साहजिक आहे. तसे करताना कोणते झाड निवडावे, ते तयार कसे होते आणि आपल्या हवेत त्याचे काय होते, याविषयी जे प्रश्न सतत येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

सुधारित रबर म्हणजे नेमके काय? ते बियाण्याचे की कलमाचे?

व्यवहारात ते कलमाचेच असते. आपण हापूसची कोय रुजवून बाग करीत नाही, कारण कोयीतून येणारे झाड आईसारखे निघेलच याचा भरवसा नसतो. रबराचेही तसेच आहे. एक उत्तम झाड हेरायचे, त्याच्या फांदीवरचे डोळे काढून बियाण्यापासून वाढवलेल्या खुंटावर भरायचे आणि त्याच एका झाडाच्या हजारो प्रती तयार करायच्या. अशा प्रतींच्या समूहाला क्लोन म्हणतात. आरआरआयआय १०५, आरआरआयएम ६००, जीटी १ ही सगळी क्लोनची नावे आहेत. डोळे भरण्याचे हे तंत्र पहिल्या महायुद्धाच्या काळात जावा बेटावर बसवले गेले आणि त्यानंतरच रबराच्या उत्पन्नाने खरी उडी घेतली.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी. डोळ्यापासून वर वाढणारे खोड एकसारखे असले, तरी जमिनीखालचे मूळ बियाण्याचे असते आणि म्हणून ते प्रत्येक झाडाचे वेगळे असते. एकाच दिवशी, एकाच क्लोनची लावलेली झाडे पुढे कमी-जास्त घेराची का होतात, याचे एक कारण तिथे दडलेले असते. खुंट चांगल्या बियाण्याचा आणि जोमदार आहे की नाही, याची विचारपूस खरेदी करताना क्वचितच होते. ती व्हायला हवी.

रबराची लागवड इतकी जुनी असताना अजून नवे वाण काढण्याची गरज का पडते?

याचे उत्तर १८७६ सालात आहे. हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधील तापाजोस नदीच्या परिसरातून सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांतल्या जेमतेम २,७०० रुजल्या आणि त्यांतली बरीचशी रोपे श्रीलंकेला व काही सिंगापूरला पोहोचली. आशियातील जवळजवळ सगळे रबर या मूठभर रोपांचे वंशज आहे. म्हणजे मुळातच पाया अरुंद. त्यावर निवड झाली ती जास्त चिकासाठी (रबर याच चिकापासून बनते), आणि तीही त्याच त्या आई-बापांमध्ये. भारतात सर्वाधिक लावलेला आरआरआयआय १०५ हा जिर १ आणि जीएल १ या जुन्या क्लोनांचा संकर आहे, तर मलेशियाचा प्रसिद्ध आरआरआयएम ६०० हा जिर १ आणि पीबी ८६ यांचा. दोन देश आणि दोन संस्था, पण आई मात्र एकच.

हा पाया रुंद करण्यासाठी १९८१ साली आंतरराष्ट्रीय मोहीम काढून ब्राझीलच्या आक्रे, रोंडोनिया आणि मातो ग्रोसो या प्रांतांतून ६०,००० हून अधिक रानटी बिया गोळा करण्यात आल्या. त्यांतून वाढलेल्या झाडांचा काही वाटा भारतालाही मिळाला. रानटी झाडे चीक कमी देतात, पण दुष्काळ, थंडी आणि रोग सोसण्याचे जे गुण आपल्याला हवे आहेत ते त्यांच्यात सापडण्याची शक्यता जास्त आहे.

दोन झाडांचा संकर प्रत्यक्षात कसा करतात?

पानगळीनंतर नव्या पालवीबरोबर रबराला मोहोर येतो. फुले बारीक, पिवळसर, मंद वासाची आणि पाकळ्या नसलेली असतात. एकाच तुऱ्यावर नर व मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फूल थोडे मोठे असून तुऱ्याच्या फाट्यांच्या टोकाशी बसते. संकर करणारा माणूस उंच मचाणावर किंवा शिडीवर चढतो, दुसऱ्या दिवशी उमलेल अशी मादी कळी निवडतो आणि तिची टोपी हलकेच उघडतो. बापाच्या झाडावरून आणलेल्या नर फुलातील पुंकेसरांचा दांडा चिमट्याने त्या कळीत ठेवतो. मग वर कापसाचा इवलासा बोळा बसवून त्याच झाडाच्या चिकाचा थेंब सोडतो. चीक गोठला की बोळा चिकटतो आणि परका पराग आत शिरत नाही. झाडाचा चीकच तिथे सील म्हणून वापरला जातो.

इतके करूनही शंभर फुलांपैकी मोजकीच फळे धरतात, बहुधा पाचांहून कमी. धरलेले फळ पाचेक महिन्यांनी पिकते, त्यात तीन बिया असतात. कडक उन्हात ते फट्‌कन फुटून बिया लांब उडतात, म्हणून फळे फुटण्याआधीच त्यांवर जाळीची पिशवी बांधावी लागते. बियांची रुजण्याची ताकदही थोड्याच दिवसांत उतरते, त्यामुळे त्या लगेच वाफ्यात घालाव्या लागतात.

मग एक वाण बाहेर यायला इतकी वर्षे का लागतात?

संकराची रोपे रोपवाटिकेत दोन-तीन वर्षे वाढवून त्यांना लहान वयातच चिरा देऊन पाहतात. त्यांतली निवडक रोपे कलम करून छोट्या चाचणीत, तिथून मोठ्या चाचणीत आणि शेवटी वेगवेगळ्या भागांत शेतकऱ्यांच्या जमिनीवर जातात. प्रत्येक टप्प्यावर झाड टॅपिंगला, म्हणजे साल चिरून चीक काढण्याजोगे, येईपर्यंत सहा-सात वर्षे थांबावे लागते आणि पुढे चिकाची काही वर्षांची नोंद लागते. या हिशेबाने २५ ते ३० वर्षे सहज जातात. एका माणसाची अख्खी नोकरी एका वाणात संपते, आणि या कामात आयुष्य घालवलेल्या माणसांविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

केरळात उत्तम ठरलेला वाण कोकणात चालत नाही का?

चालतो, पण तसाच चालेल असे गृहीत धरता येत नाही. रबराला वर्षभर विभागलेला पाऊस आवडतो. आपल्याकडे पाऊस ढीगभर पडतो, पण तो जून ते सप्टेंबरात. केरळात परतीचा मोसमी पाऊस आणि उन्हाळी वळवाच्या सरी मिळून कोरडा काळ मोडतात. आपल्याकडे ऑक्टोबरनंतर थेट आगोटीपर्यंत सात-आठ महिने जमीन तापत राहते. त्यात जांभ्याची माती पाणी धरत नाही, आणि कातळावर तर मुळांना खाली जायला वाटच नसते.

रबर बोर्डाच्या भारतीय रबर संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र पालघर जिल्ह्यात दापचरी येथे आहे. ते याच प्रश्नासाठी महत्त्वाचे. उत्तर कोकणच्या उष्ण आणि कोरड्या हवेत रबराचे काय होते, हे तिथे वर्षानुवर्षे मोजले गेले. पाणी न दिलेल्या झाडांना टॅपिंगयोग्य घेर गाठायला दहाएक वर्षे लागली, तर उन्हाळ्यात पुरेसे पाणी दिलेली झाडे साधारण सहा वर्षांत तयार झाली. वाढीत पुढे राहिलेल्या क्लोनांमध्ये आरआरआयआय २०८ आणि आरआरआयएम ६०० यांची नावे येतात. केरळचा राजा मानला गेलेला आरआरआयआय १०५ तिथे मागे पडला. दक्षिण कोकणात पाऊस जास्त आणि उन्हाळा थोडा सौम्य असल्याने परिस्थिती इतकी कठीण नसते, पण दिशा तीच आहे. आपल्याकडे वाणाची पहिली परीक्षा एप्रिल-मे महिन्यात होते, चिकाची त्यानंतर.

मिश्र बागेसाठी वेगळ्या गुणांचे झाड का हवे? चांगले झाड ते चांगलेच नाही का?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रश्न. आजवरचे बहुतेक क्लोन हेक्टरी ४०० ते ५०० झाडांच्या दाट एकपीक बागेत निवडले गेले आहेत. तिथे झाडाने लवकर छत्री पसरून जमीन झाकली की तण मरते, म्हणून घनदाट पर्णभार हा गुण मानला जातो. मिश्र बागेत हाच गुण दोष ठरतो. त्या छत्रीखाली पाचव्या-सहाव्या वर्षी हळद उभी राहत नाही आणि अननस लहान राहतो.

मिश्र बागेसाठी सरळ वाढणारे, अरुंद आणि विरळ छत्रीचे झाड हवे, म्हणजे ओळींमधल्या पट्ट्यात उजेड टिकतो. फांद्यांचे खोडाशी असलेले सांधे भक्कम हवेत, कारण रुंद पट्ट्याच्या कडेची झाडे उजेडाकडे झुकतात आणि वाऱ्याला उघडी पडतात. मुळे शक्यतो खोल जाणारी हवीत, कारण रबराची अन्न घेणारी बारीक मुळे बहुतांश वरच्या फूटभर मातीत पसरतात आणि शेजारच्या जायफळाशी तिथेच त्यांची ओढाताण होते. तण काढायला थोडा उशीर झाला तरी दबून न जाणारा सुरुवातीचा जोम हवा. टॅपिंग सुरू झाल्यावरही खोडाचा घेर वाढत राहायला हवा. पुष्कळसे जास्त चीक देणारे क्लोन इथे थांबतात, आणि मग शेवटी लाकूडही हाती लागत नाही.

पानगळ केव्हा होते आणि पालवी केव्हा फुटते, हा गुण निवडीच्या तक्त्यात सहसा शेवटी असतो. आपल्यासाठी तो वर यायला हवा. मार्चअखेर नवी पाने पूर्ण मोठी झालेली असली, तर कोवळ्या मिरवेलींना आणि जायफळाच्या रोपांना एप्रिलच्या उन्हातून आडोसा मिळतो. पालवी रेंगाळणाऱ्या झाडाखाली ती रोपे होरपळतात. दोन शेजारच्या ओळींत हा फरक मी स्वतः पाहिला आहे. एका ओळीखालची मिरी हिरवीगार होती, तर दुसरीकडे पाने कागदासारखी झाली होती.

या दिशेने काम झालेले आहे. इंडोनेशियात सुमात्रा बेटावर शेतकरी पूर्वापार बियाण्याचे रबर रानातल्या फळझाडांसह वाढवत आले आहेत. १९९० च्या दशकात तिथे संशोधकांनी शेतकऱ्यांबरोबर अशाच रानटी बागांत कलमी क्लोन लावून पाहिले. कमी मशागतीत, झुडपांच्या स्पर्धेत कोणता क्लोन तग धरतो, हा त्यातला खरा प्रश्न होता. पीबी २६०, आरआरआयसी १००, बीपीएम १ आणि आरआरआयएम ६०० असे क्लोन त्यासाठी निवडले होते. फक्त ओळीतले तण काढले आणि पट्ट्यातली झाडे-झुडपे राखली, तरी कलमी झाडांनी बियाण्याच्या झाडांपेक्षा बरेच जास्त उत्पन्न दिले. चीनमध्ये हैनान बेटावर वेगळा मार्ग धरला गेला. तिथे सरळ वाढणाऱ्या क्लोनच्या दोन ओळी जवळ लावून मध्ये सुमारे २० मीटर रुंद पट्टा कायम मोकळा ठेवतात आणि त्यात शेवटपर्यंत दुसरी पिके घेतात.

कोकणात रबराबरोबर काय लावता येईल?

पहिली तीन-चार वर्षे अननस, केळी, हळद, आले, सुरण. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने माडाखाली मिरी, जायफळ आणि दालचिनी घेण्याची जी लाखीबाग पद्धत रुजवली, तिचा विचार रबरालाही लागू पडतो. पण माडाखाली जेवढा उजेड झिरपतो तेवढा रबराखाली झिरपत नाही, म्हणून अंतर बदलावे लागते. दोन ओळींची जोडी आणि मध्ये रुंद पट्टा अशी मांडणी सपाट जागेत पूर्व-पश्चिम ठेवावी. उतारावर मात्र दिशेपेक्षा समपातळी महत्त्वाची, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात माती वाहून जाईल. कोकम आणि दालचिनी थोडी सावली सोसतात. काजू सोसत नाही, त्याला रबराच्या सावलीत लावू नये.

नेमका कोणता क्लोन लावू?

एकच लावू नये, हे पहिले उत्तर. बाग थोडी मोठी असेल, तर तीन-चार क्लोन वेगवेगळ्या पट्ट्यांत लावावेत. उत्तर कोकणात आणि कोरड्या उतारावर आरआरआयएम ६०० आणि आरआरआयआय २०८ यांपासून सुरुवात करावी. दक्षिण कोकणात, जिथे माती खोल आहे आणि उन्हाळ्यात थोडे पाणी देता येते, तिथे आरआरआयआय ४१४ आणि ४३० यांना जागा द्यावी. हे दोन्ही आरआरआयआय १०५ आणि श्रीलंकेचा आरआरआयसी १०० यांच्या संकरातून निघाले असून केरळातील चाचण्यांत त्यांनी आरआरआयआय १०५ ला मागे टाकले. मिश्र बाग डोळ्यांसमोर ठेवून खास कोकणासाठी निवडलेला क्लोन आज हातात नाही. म्हणून आपल्या जागेवर थोड्या झाडांची पारख करून मगच लागवड वाढवावी, असा माझा आग्रह असतो.

रोगांचे काय? आमच्या पोफळीला आधीच कोळेरोग येतो.

हे विचारणे अगदी योग्य आहे. पोफळीचा कोळेरोग आणि रबराची पावसाळ्यातील अवेळी पानगळ, दोन्ही फायटॉप्थोरा या एकाच वंशाच्या बुरशीमुळे होतात. आरआरआयएम ६०० कोरडे दिवस सोसतो, पण या पानगळीला तो लवकर बळी पडतो. आरआरआयआय १०५ पानगळ बऱ्यापैकी सोसतो, तर फांद्यांवरच्या गुलाबी बुरशीला नाजूक आहे. सर्वगुणसंपन्न झाड नसते आणि म्हणूनच क्लोन मिसळून लावायचे. पोफळीच्या बागेला लागून रबर असेल, तर पावसाळ्याआधी दोन्हींवर ताम्रयुक्त फवारणी एकाच वेळी उरकावी.

वादळात ही झाडे टिकतील का?

३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते यांनी किनाऱ्यालगतच्या बागांची जी अवस्था केली, ती पाहिलेला माणूस हा प्रश्न विचारणारच. रबराचे लाकूड ठिसूळ आहे. समुद्राला थेट तोंड असलेल्या उघड्या जागी ते लावू नये. आतल्या भागात, डोंगराच्या आडोशाने लावावे. तीन-चार फांद्या एकाच ठिकाणाहून फुटल्या असतील, तर लहानपणीच विरळ कराव्यात.

जनुकीय बदल केलेले रबर आले आहे, असे ऐकतो. ते मिळेल का?

नाही. रबर बोर्डाने २०२१ साली आसाममध्ये असे रबर प्रायोगिक क्षेत्रात लावले. थंडी आणि कोरडेपणाचा ताण सोसण्यासाठी त्यात एक जनुक वाढवलेले आहे. ते चाचणीचे झाड आहे, विक्रीचे नाही. त्या नावाने कोणी रोपे विकत असेल, तर घेऊ नयेत.

रबरासाठी जुने रान किंवा राई तोडणे योग्य आहे का?

नाही, आणि हे मी कोणतीही सारवासारव न करता लिहितो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा हा वन्यजीवांचा जाण्या-येण्याचा मार्ग आहे आणि तिथल्या वृक्षतोडीला मनाई करणारा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला आहे. मिश्र बागेची कल्पना रानाच्या बदल्यात उभी राहिली, तर तिचा अर्थच उरत नाही. पडीक वरकस जमीन, जुनी झालेली काजूची बाग, उजाड उतार, अशा जागा भरपूर आहेत. व्यवहाराच्या दृष्टीनेही हे पाहावे. युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी नियमात रबराचा समावेश आहे आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या बागेतील माल त्या बाजारपेठेला चालणार नाही.

रबराच्या बागेत मधपेट्या ठेवता येतात का?

अवश्य ठेवाव्यात. रबराच्या तीन पर्णिका जिथे देठाला जुळतात, तिथे मधुरस स्रवणाऱ्या ग्रंथी असतात आणि नवी पालवी येते तेव्हा त्या भरभरून पाझरतात. केरळातील मधाचा मोठा भाग याच रसातून येतो. आपल्याकडे त्याच काळात आंबा-काजूचा मोहोर असल्याने मधमाश्यांना दोन्ही मिळते, मात्र तेव्हा मोहोरावरची फवारणी जपून करावी.

रोपे विकत घेताना काय तपासावे?

काही वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून एकाच क्लोनची म्हणून रोपे आणली. तिसऱ्या वर्षी पानांचा आकार, छत्रीची ठेवण आणि पालवी येण्याची वेळ पाहून लक्षात आले, की त्यात निदान तीन जाती मिसळलेल्या होत्या. झाड उपटून टाकायला मन धजत नाही आणि नुकसान पुढची २५ वर्षे सोसावे लागते. म्हणून डोळकाडी, म्हणजे ज्या फांदीवरून डोळे काढले ती, कोणत्या बागेतून आली याची लेखी नोंद मागावी आणि नोंद नसेल तर परत फिरावे.

कलम स्वतः पाहावे. खुंटावर साधारण पाच सेंटिमीटर लांबीची सालीची पट्टी उचलून, पाझरणारा चीक पुसून, तिथे डोळ्याची पट्टी बसवून प्लॅस्टिकच्या फितीने बांधतात. तीन आठवड्यांनी फीत सोडून नखाने हलकेच खरवडल्यावर खाली हिरवे दिसले, तर डोळा जिवंत आहे. आपण घेतलेल्या रोपावर त्या पट्टीची कड पूर्ण भरून आलेली असावी आणि फूट त्या डोळ्यातूनच आलेली असावी. खुंटाची फूट अनेकदा जास्त जोमदार दिसते आणि माणूस फसतो.

माझ्या बागेतली चांगली झाडे मी स्वतः हेरू शकतो का?

हेरू शकता, आणि हेरावीत. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. दरवर्षी पावसाळा संपल्यावर कलमाच्या जोडापासून १२५ सेंटिमीटर उंचीवर खोडाचा घेर फितीने मोजून वहीत लिहावा. तिथे ५० सेंटिमीटर भरले की झाड टॅपिंगला येते. त्याआधी घाई केली, तर वाढ कायमची खुंटते. पानगळ आणि पालवीची तारीख, मे महिन्यात सुकलेली टोके, वादळात मोडलेल्या फांद्या आणि त्या झाडाखालच्या मिरीची किंवा हळदीची स्थिती, हेही शेजारी लिहावे. कोवळ्या खोडांना पहिल्या वर्षांत उन्हाळ्याआधी चुना फासायला विसरू नये, नाहीतर नैर्ऋत्येची साल भाजते आणि घेराची मोजणीही फसते.

टॅपिंग सुरू झाल्यावर सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी, प्रत्येक झाडाचा चीक महिन्यातून एकदा वेगळा मोजावा. त्या वेळी वाहिन्यांत दाब जास्त असतो आणि तुलना खरी होते. पाच वर्षांची अशी वही असलेला शेतकरी दापचरीच्या किंवा दापोलीच्या शास्त्रज्ञांकडे गेला, तर ते त्याच्या बागेपर्यंत चालत येतील. कोकणच्या मिश्र बागेत टिकलेल्या झाडांची अशी नोंद त्यांनाही दुसरीकडे कुठे मिळणार नाही.